पान एकशे बाराची दुरुस्ती

आंबिवली,
९ जानेवारी १९९४

मेजर श्रीरंग खोपकर साहेब,

जयभीम. तुम्ही मला ओळखत नाही. मी मंजुळा बाबुराव शेजवळ. हवालदार बाबुराव शेजवळ तुमच्या कंपनीत होते आणि बावीस ऑक्टोबर सत्त्याऐंशीला श्रीलंकेत मारले गेले. मी त्यांची बायको. इथल्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते, त्यामुळे पत्र लांबलं तर वाईट वाटून घेऊ नका. शिक्षकांना थोडक्यात सांगायची सवय नसते.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना झाली की एकजण पुस्तक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचीही अशी बरीच पुस्तकं झालेली आहेत. नोव्हेंबरात सखारामदादांनी तुमच्या 'तांबड्या मातीतला ऑक्टोबर'ची बातमी पेपरात वाचली आणि ठाण्याला जाऊन ते विकत आणलं. सखारामदादा म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, विहाराची कमिटी तेच सांभाळतात. आपल्या बाबुरावाची लढाई, आणि तीही त्याच्या साहेबांनी लिहिलेली, म्हणून पाच रविवार जागा मिळेना एवढी माणसं आली. तुम्ही लिहिता चांगलं. जहाजात कंपनीच्या आचाऱ्याला उलट्या होतात आणि तो पडल्या पडल्या डाळीत मीठ किती घालायचं ते सांगतो, तिथे आम्ही पोट धरून हसलो.

सहाव्या रविवारी, म्हणजे दोन तारखेला, वाचायची पाळी माझी होती. पान एकशे बारा आलं. तुम्हाला तुमचंच लिहिलेलं पाठ असेल, तरी उतरवून देते.

"हवालदार शेजवळ याला शाळेतील निर्वासितांकडे परवानगीशिवाय जाण्याची खोड होती. त्या लोकांशी त्याची नको तितकी घसट झाली होती. त्या दुपारीही कोणताही हुकूम नसताना तो आपली जागा सोडून गेला व परत आला नाही."

मी मुलांना सांगते की वाक्य अर्धवट टाकू नये. म्हणून मी पूर्णविरामापर्यंत वाचलं आणि मग पुस्तक मिटलं. कोपऱ्यातल्या रमाबाईंनी विचारलं, "मंजुळा, आपला बाबुराव पळून गेलेला काय गं?"

साहेब, विहाराला लागून आम्ही वाचनालयाची खोली बांधली आहे. येत्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, तिला ह्यांचं नाव द्यायचं कमिटीने मागेच ठरवलं होतं. आता कमिटीतले दोघं म्हणतात, जरा थांबू या, छापलंय म्हणजे काहीतरी असेल. सखारामदादा माझ्याकडे बघायचं टाळतात.

तुम्ही लिहिलं आहे ते खरं नाही. चौदा एप्रिलच्या आत पान एकशे बारा दुरुस्त करून द्या. मला दुसरं काही नको.

मंजुळा शेजवळ

*

वर्तकनगर, ठाणे
१८ जानेवारी १९९४

श्रीमती मंजुळाबाई शेजवळ यांना नमस्कार.

आपले पत्र मिळाले. माझ्या लेखनामुळे आपल्याला क्लेश झाले याचे मला मनापासून वाईट वाटते. हवालदार शेजवळ हे माझ्या कंपनीतील एक कष्टाळू सैनिक होते आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

परंतु युद्धाचा इतिहास भावनेवर लिहिता येत नाही. मी जे लिहिले ते त्या वेळच्या कंपनीच्या अहवालावर आधारलेले आहे. त्या देशात भाऊ भावावर उठला होता. कोण निर्वासित आणि कोण लढणारा हे चेहऱ्यावरून कळत नसे. अशा ठिकाणी जागा सोडून जाणे किती गंभीर असते, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे.

तरीही आपल्या भावनांचा आदर म्हणून एक सुचवतो. दुसरी आवृत्ती निघाली तर त्या परिच्छेदातून शेजवळ यांचे नाव काढून 'एक हवालदार' एवढेच ठेवता येईल. नाव नसल्यावर आपल्या वस्तीतही कोणाला आक्षेप राहणार नाही. हा प्रश्न येथेच मिटावा अशी इच्छा आहे.

आपला,
श्रीरंग खोपकर

*

आंबिवली,
२४ जानेवारी १९९४

खोपकर साहेब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

नाव काढू नका. नाव तिथेच राहू द्या, वाक्य बदला. तुम्हाला सोपं वाटलं असेल, पण नाव पुसून घेण्याच्या बदल्यात शांत बसायचं हा सौदा आमच्या माणसांना नवा नाही आणि आम्ही तो घेत नाही. या चौदा तारखेला मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आमच्या वस्तीत पेढे वाटले, रात्रीपर्यंत ढोल वाजत होते. एका नावासाठी सोळा वर्षं लोकांनी मार खाल्ला, घरं जळलेली बघितली. तुमच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट बघायला मला काहीच अवघड नाही, पण चौदा एप्रिल तेवढी थांबणार नाही.

आता अहवालाचं. सोबत एक झेरॉक्स जोडली आहे. ह्यांचं एकोणीस ऑक्टोबरचं पत्र. ह्यांच्या जाण्याची तार आधी आली आणि हे पत्र अकरा दिवसांनी. मी ते आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. त्यातलं हे वाचा:

"इथे शाळेत एकशे एकेचाळीस माणसं येऊन राहिली आहेत, बायका आणि पोरंच जास्त. तमिळनाडूत वेलिंग्टनच्या छावणीत असताना थोडी तमिळ शिकलो ती कामाला आली. साहेबांनी मला रोज दुपारी जाऊन माणसं मोजायचं काम दिलंय. मी वर्गात उभा राहून हजेरी घेतो, तू घेतेस तशी. एक म्हातारी आहे, ती हजेरीला दोन्ही हात वर करते. एकाने भागतं सांगितलं तरी ऐकत नाही."

साहेबांनी काम दिलंय, असं लिहिलंय. खोड नाही आणि घसटही नाही. पुढची एक अख्खी ओळ काळ्या शाईने खोडलेली आहे. आणि पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तुमची सही आहे, श्री. खो., वीस ऑक्टोबर. जवानांची पत्रं साहेब वाचून सही करतात आणि मगच ती टपालात पडतात, हे ह्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या सुट्टीत सांगितलं होतं. म्हणून ते पत्रात कधी लाडाचं लिहायचे नाहीत. ती खोडलेली ओळ बघून सहा वर्षं मी असं समजत आले, की शेवटी एकदा ह्यांनी काहीतरी तसलं लिहिलं असणार आणि साहेबांना लाज वाटली असणार. त्या समजुतीवर मी पुष्कळ दिवस काढले, म्हणून आभारच मानते.

पण बाकीचं पत्र तुम्ही वाचून पास केलंत. तेव्हा खरं होतं ते आता खोटं कसं झालं?

मंजुळा शेजवळ

*

वर्तकनगर, ठाणे
३ फेब्रुवारी १९९४

श्रीमती शेजवळ,

आपण पाठवलेली प्रत पाहिली. सही माझीच आहे, हे नाकारत नाही.

मात्र आपला एक गैरसमज दूर करणे भाग आहे. त्या दिवसांत माझ्यासमोर रोज साठ-सत्तर पत्रे येत. सगळी वाचायला मला ना वेळ होता ना डोके ठिकाणावर होते. मी कोपऱ्यात सही करून गठ्ठा पुढे ढकलत असे. त्यामुळे त्या सहीवरून पत्रातील मजकूर मला मान्य होता असे सिद्ध होत नाही. हवालदार शेजवळ यांनी घरच्यांना बरे वाटावे म्हणून आपल्या जाण्या-येण्याला हुकुमाचे रूप दिले असेल. घरी पत्र लिहिताना जवान असे करतात, यात त्यांचा दोष नाही.

आणखी एक. युद्धक्षेत्रातील पत्रे अशी चारचौघांत फिरवणे कायद्याच्या दृष्टीने आपल्याला अडचणीचे ठरू शकते. हे धमकी म्हणून नव्हे, काळजीपोटी लिहीत आहे. या विषयावर यापुढे माझ्याकडून पत्रोत्तर होणार नाही.

श्रीरंग खोपकर

*

आंबिवली,
२० फेब्रुवारी १९९४

खोपकर साहेब,

उत्तर देणार नाही म्हणालात, हरकत नाही. वर्गात न बोलणाऱ्या मुलालाही मी प्रश्न विचारतेच.

न वाचता सही केली म्हणता. मग ती ओळ कुणी खोडली? गठ्ठा पुढे ढकलणाऱ्याच्या हातून नेमकी एकच ओळ, सुरुवातीच्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत, अशी पट्टी धरून खोडली जात नाही. खोटं बोलायचं तर ते नीट जुळवावं लागतं, माझी तिसरीतली पोरंसुद्धा याहून बरं जुळवतात. आणि समजा खरंच न वाचता सही केलीत, तर तुमच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली 'यातील प्रत्येक शब्द मी जबाबदारीने लिहिला आहे' म्हणून जी सही आहे, ती आम्ही कोणत्या हिशोबात धरायची?

कायद्याचं म्हणाल तर पत्र मला आलेलं आहे, माझ्या नावावर, तुमच्याच सहीने पास होऊन. ते मी आजच वंदनेनंतर विहारात मोठ्याने वाचलं. दोन हात वर करणाऱ्या म्हातारीचं ऐकून रमाबाई रडल्या आणि मग म्हणाल्या, अशीच माझी आई होती. सखारामदादा उठून माझ्यासमोर आले. म्हणाले, "मंजुळा, दीड महिना मी तुझ्याकडे बघितलं नाही, त्याची मला लाज वाटते." कमिटीतले ते दोघं मात्र अजून अडून आहेत. एकीकडे बायकोला लिहिलेलं पत्र आणि दुसरीकडे मेजरांचं छापील पुस्तक, लोक पुस्तकालाच मानणार, असं त्यांचं म्हणणं. राग आला तरी ते चुकीचं बोलत नाहीत. बाहेरचं जग असंच आहे.

आणखी एक तुमच्या कानावर घालते, म्हणजे मागून कळायला नको. गेल्या शनिवारी मी कोपरीला गेलेले. तुमचा वायरलेसवाला काळुराम आता तिथे असतो, खाडीवर भावाबरोबर होडी काढतो. मला बघून जाळं विणायचं थांबला. चहा दिला आणि मुलांना बाहेर पाठवलं. मी विचारलं, त्या दुपारी हे हुकमाने गेले की हुकमाशिवाय? तो म्हणाला, "वयनी, मी तिथंच व्हतो, सायबाच्या बाजूला. पन ते सायबानी सांगाचा. मी सांगला त वायरलेसवाला बोलला असा व्हईल, नि सायबानी सांगला त खरा व्हईल."

मी त्याच्यावर जोर केला नाही. तुमचा माणूस सहा वर्षांनंतरही तुमच्या शब्दाला एवढं मोल देतो आहे. तुम्ही स्वतः किती देता, ते बघायचं आहे.

मंजुळा शेजवळ

*

वर्तकनगर, ठाणे
१३ मार्च १९९४

मंजुळाबाई,

तीन आठवडे हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आता लिहिले ते वाचून न पाहता टाकणार आहे, म्हणजे फाडता येणार नाही.

मी ते पत्र वाचले होते. ती ओळ मीच खोडली. तुम्हाला इतकी वर्षे जे वाटत होते ते तिच्यात नव्हते, याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते आहे. ती ओळ मला अजून पाठ आहे. "साहेबांनी शब्द दिलाय, शाळेवर गोळे टाकायची वेळ आली तर आधी माणसं बाहेर काढू आणि मी परत येईपर्यंत थांबू." लष्करी हालचालीची माहिती म्हणून खोडली, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे माझा शब्द असा कागदावर आलेला मला नको होता.

बावीस तारखेला दुपारी शाळेच्या मागच्या ताडांतून आमच्यावर गोळीबार सुरू झाला. वायरलेसवर वरून हुकूम आला की उखळी तोफा लावून ती जागा साफ करा. मी वीस मिनिटे मागून घेतली. शेजवळला बोलावले. जा, सगळ्यांना ओढ्यापलीकडे ने, तू येईपर्यंत मी थांबतो, असे म्हणालो. तो धावत गेला. काळुराम माझ्या शेजारी होता, त्याने सगळे ऐकले.

दुर्बिणीतून मला माणसे रांगेने बाहेर पडताना दिसत होती. शेजवळ दाराशी उभा राहून मोजत होता. एवढ्यात माझे दोन जवान पडले, मग तिसरा. वरून पुन्हा पुन्हा विचारणा होत होती. अकरा मिनिटे झाली होती. रांग संपली तेव्हा मला वाटले आता शेजवळ येईल. त्याने माझ्याकडे बघून हाताची चार बोटे दाखवली आणि तो उलटा आत गेला. चार माणसे कमी भरत होती. मला ते समजले. समजूनही मी तोफा डागायचा हुकूम दिला.

अहवालात मी पाठवले असे लिहिले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग थांबला का नाहीत. म्हणून हुकूम नसताना गेला असे लिहिले. मग कारण हवे, म्हणून खोड लिहिली, आणि खोडीला कारण हवे म्हणून घसट. सहा वर्षांनी पुस्तक लिहायला बसलो तेव्हा अहवाल समोर ठेवून उतरवून काढला. अहवाल खोटा आहे हे मी जवळजवळ विसरलो होतो. तुमच्या पहिल्या पत्राने आठवले, म्हणून पुढची दोन्ही पत्रे तशी लिहिली.

एकशे सदतीस माणसे बाहेर आली होती. हा आकडा तुम्हाला माहीत असायला हवा.

दुरुस्तीचा मजकूर सोबत आहे. माझ्या खर्चाने छापून शिल्लक सर्व प्रतींत चिकटवण्याचे प्रकाशकांनी मान्य केले आहे.

श्रीरंग खोपकर

(मजकूर)
"पृष्ठ ११२ : स्वर्गवासी हवालदार बाबुराव शेजवळ या शूर वीराने निर्वासितांच्या रक्षणार्थ युद्धाच्या धगधगत्या यज्ञकुंडात हसतमुखाने प्राणांची आहुती दिली. त्यांच्यासंबंधीच्या मूळ परिच्छेदात अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या आहेत. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी."

*

आंबिवली,
२० मार्च १९९४

खोपकर साहेब,

तुमचं पत्र शाळेतून आल्यावर वाचलं. मग उठून भाकऱ्या केल्या, कारण काहीतरी हाताने करायला हवं होतं. चार बोटांपाशी येऊन मी परत परत थांबते आहे. माझ्या वर्गात सहलीला जाताना एक पोरगं कमी भरलं तर मी गाडी हलू देत नाही, ड्रायव्हर कितीही ओरडला तरी. ह्यांना हे माहीत होतं, मीच रंगवून रंगवून सांगायचे. आता वाटतं, कशाला सांगितलं. आणि लगेच वाटतं, सांगितलं ते बरं केलं. दोन्ही खरं आहे आणि मी खूप रडले, हेही लिहून टाकते.

आता कामाचं. तुमचा मजकूर लाल शाईने तपासून परत पाठवते आहे. सवय आहे, रागावू नका.

'स्वर्गवासी' खोडलं. आम्ही कालकथित म्हणतो.

'यज्ञकुंड' आणि 'आहुती' दोन्ही खोडलं. एक तर आम्ही यज्ञ मानत नाही. दुसरं म्हणजे आहुती माणूस आपणहून देतो. ह्यांना पाठवलं होतं, आणि परत यायचं ठरलं होतं.

'हसतमुखाने' खोडलं. तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात ना? मग जे दिसलं ते लिहा.

'शूर वीर' राहिलं तरी चालेल, पण गरज नाही.

'अनवधानाने' खोडलं. अनवधानाने माणूस छत्री विसरतो. 'त्रुटी' खोडलं. आमच्या शाळेत याला खोटं म्हणतात.

साहेब, तुम्ही ह्यांना एकदा पळपुटा केलंत आणि आता देव करताय. दोन्हीत तुम्ही स्वतः कुठेच दिसत नाही. मजकुरात 'मी' हा शब्द एकदाही नाही, ते बघा. मला हार घातलेला फोटो नको. कुणी कुणाला कुठे पाठवलं, काय कबूल केलं आणि काय झालं, एवढं साध्या मराठीत हवं.

तुमचे तीन जवान पडले, वरून हुकूम येत होता, हेही लिहा. तुम्ही अडचणीत होतात हे खरं आहे आणि मला खऱ्याची भीती नाही. थांबायला हवं होतं की नव्हतं, ते वाचणारे ठरवतील. मी काय ठरवलं ते तुम्हाला सांगणार नाही.

मंजुळा शेजवळ

*

वर्तकनगर, ठाणे
२ एप्रिल १९९४

मंजुळाताई,

पुढचा मजकूर काल छापखान्यात दिला. एक शब्दही आता बदलणार नाही.

"पृष्ठ ११२ वर मी कालकथित हवालदार बाबुराव शेजवळ यांच्याविषयी खोटे लिहिले आहे. ते शाळेत माझ्या हुकमाने जात. २२ ऑक्टोबर १९८७ रोजी निर्वासितांना बाहेर काढण्यासाठी मीच त्यांना पाठवले आणि ते परत येईपर्यंत थांबण्याचा शब्द दिला. माझे तीन जवान पडले होते आणि वरून हुकूम येत होता. शेजवळ चार माणसांसाठी पुन्हा आत गेलेले मी पाहिले आणि तरीही तोफा डागायला सांगितले. त्यांनी १३७ माणसे वाचवली. अहवालातही मी खोटे लिहिले होते. श्रीरंग खोपकर."

हे प्रसिद्ध झाल्यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी किती जण दारात उभे करतील, माहीत नाही. घरी पत्नीला दाखवले. संध्याकाळी ती म्हणाली की छापा.

चौदा तारखेला येण्याची मला परवानगी द्याल का? मागे कुठेतरी उभा राहीन. आणि विचारण्याचा अधिकार नसताना एक विचारतो. तुम्ही मला माफ केलेत का?

श्रीरंग खोपकर

*

आंबिवली,
७ एप्रिल १९९४

खोपकर साहेब,

मजकूर बरोबर आहे. लाल शाई उघडली होती, पण लागली नाही. मंगळवारी कमिटीसमोर ठेवला. त्या दोघांपैकी एकाने तो स्वतः वाचून दाखवला, दुसरा गवंड्याकडे पाटीचं माप द्यायला गेला. कोपरीला काळुरामला निरोप पाठवलाय. तो येतो म्हणाला, आता बोलेन म्हणाला.

तुम्हीही या. सकाळी नऊला वंदना. स्टेशनवरून विहार कुणीही दाखवेल.

पण मागे उभं राहायला म्हणून येणार असाल तर येऊ नका. सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसा. पाहुणे म्हणून खुर्ची मिळणार नाही, हार मिळणार नाही, आणि कुणी अंगावर धावूनही जाणार नाही, ते सखारामदादांनी बघायचं कबूल केलंय. पाटी लागली की दुरुस्तीचा मजकूर मोठ्याने वाचायचा आहे. तो तुम्ही वाचायचा, मी नाही. पान एकशे बारा मी वाचलं, माझी पाळी झाली.

शेवटपर्यंत नीट वाचा. मध्ये रडू नका. आमची माणसं मऊ आहेत, तुम्ही रडलात तर कुणी पाणी आणेल, कुणी पाठीवर हात ठेवेल, आणि सगळे तुमच्याकडे बघत बसतील. तो दिवस ह्यांचा आहे. तुम्हाला रडायचं असेल तर ठाण्याला घरी जाऊन रडा, मीही माझ्या घरीच रडले.

आणि माफीचं विचारलंत. साहेब, माझी सगळी पत्रं काढून बघा. मी माफीचा विषय कुठेच काढलेला नाही. मी दुरुस्ती मागितली होती, ती झाली.

मंजुळा शेजवळ